वरडणारं मशीन आणि बाबांचं गाऱ्हाणं

झाडं छाटायचा धंदा असला की किस्से भुशासारखे अंगावर जमतात. घरी येऊन आंघोळ केली तरी वेणी सोडताना थोडा भुसा पडतोच! मुलुंडला आमचा छोटा गाळा आहे. बाबा मालक, सुऱ्या झाडावर चढणारा, आणि बी.एस्सी. बॉटनी करून मी हिशेबापासून हेल्मेटपर्यंत सगळं बघणारी. आधी हे किस्से सांगताना मी खूप हसायचे. हल्ली मध्येच थांबते.

*

नवीन ब्रश कटर घ्यायला गेलो होतो. ब्रश कटर म्हणजे खांद्याला अडकवून गवत कापायचं मशीन. मी नेटवर सगळं वाचून गेले होते. बॅटरीचं घ्या, हलकं असतं, हाताला धक्के कमी बसतात, आवाज नाही. दुकानदाराने ते चालू करून दाखवलं.

बाबा म्हणाले, "चालू कर ना."

"चालूच आहे, काका!"

बाबांनी तोंड वाकडं केलं. "आवाज नाय तर गिऱ्हाइकाक कसा कळतला काम चालू आसा ता?"

आणि दुकानातलं सगळ्यात जड, सगळ्यात जास्त बोंबलणारं पेट्रोलचं मशीन उचलून निघाले!

*

घाटकोपरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींना स्वतःचंच मशीन घ्यायचं होतं. मी सांगितलं, "काका, तुमचं लॉन एवढंसं आहे. नायलॉनची दोरी फिरते ते हेड लावा. लोखंडी ब्लेड झुडपांसाठी असतं."

"बेटा, मी रिटायर्ड इंजिनिअर आहे," ते म्हणाले. म्हणजे विषय संपला. सीनियर सिटिझनला सल्ला देणं हा आपल्याकडे गुन्हाच आहे!

रविवारी त्यांनी ब्लेड लावलं आणि गवताबरोबर अख्ख्या बिल्डिंगची इंटरनेटची वायर कापली. भांडायला सगळे खाली उतरले. त्यांच्या मीटिंगला म्हणे इतकी माणसं कधीच जमली नव्हती!

*

मी सगळ्यांसाठी इअरमफ आणले. चेनसॉ कानाशी दिवसभर किंचाळतो, कान जातात हो! सुऱ्याने लगेच घातले. सेल्फीपण काढला.

बाबांनी त्यांचे इअरमफ बराच वेळ निरखले, मग शांतपणे चेनसॉच्या हँडलवर चढवले.

"हे काय?"

"वरडता तो. माका कित्या?"

सगळे खो खो हसले. मीसुद्धा.

*

झाडाला हात लावायच्या आधी बाबा गाऱ्हाणं घालतात. गावची पद्धत. बुंध्याशी नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि सुरू. "बा देवा म्हाराजा, आज ह्या झाडाक हात लावतंव, रागावू नको रे म्हाराजा!" मागून आम्ही सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" मग सुऱ्याची दोरी सुटाक नको, चेन तुटाक नको, वरच्या पाखरांका दुसरी जागा गावू दे... ऊन डोक्यावर येईपर्यंत यादी!

"बाबा, शॉर्टमध्ये घ्या ना यार!" मी दरवेळी ओरडायचे.

चेंबूरला एक गुजराती आजी खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. तिसऱ्या ओळीपासून त्याही आमच्याबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायला लागल्या. गाऱ्हाणं संपत आलं तर त्यांनी हात वर केला. "अने अमारा दीकराने पार्किंग पण मिळू दे!"

बाबांनी तेही देवाला मालवणीत सांगितलं.

*

मशीन नीट चालतंय का हे बाबा हात ठेवून ओळखतात. चालू इंजिनच्या बाजूला तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे. "कार्बुरेटरात कचरो आसा." उघडलं की कचरा असायचाच! सुऱ्या म्हणायचा, "काका म्हणजे मशीनचे डॉक्टर, डायरेक्ट नाडी बघतात!"

ती त्यांची स्टाइल आहे असंच आम्हाला वाटायचं.

*

बोरिवलीला गुलमोहराची वाळकी फांदी उतरवायची होती. सुऱ्याने ती करवतीनेच कापली. खाली सगळी मशीनं बंद होती. अगदी शांत.

"खाली!" सुऱ्या ओरडला. त्याचा आवाज शेजारच्या सोसायटीतही जातो. वॉचमनसुद्धा मागे सरकला.

बाबा झाडाखाली पाठ करून दोरीची गुंडाळी करत होते. करतच राहिले.

फांदी त्यांच्या खांद्याला घासून पडली. मी धावले. सुऱ्या वरूनच रडायला लागला.

बाबांनी शर्ट झटकला. "सुऱ्या हळू वरडलो," ते म्हणाले.

त्यावर कोणीच हसलं नाही.

*

डॉक्टरांनी सांगितलं, एकदा गेलेले कान परत येत नाहीत. बाबा मान डोलावत होते, अगदी सगळं पटल्यासारखी. बाहेर आल्यावर मला विचारलं, "काय म्हणालो तो?"

कानाचं मशीन घेतलं. ते कपाटात आहे. "वरडता," म्हणाले! आयुष्यभर बोंबलणारी मशीनं निवडून घेतली आणि हे एवढंसं सहन होईना!

मी भांडले. पण ऐकूच येत नाही त्या माणसाशी भांडणार कसं? शेवटी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून समोर धरलं. 'उद्यापासून तुम्ही झाडाखाली यायचं नाही. फांदी डोक्यात पडली असती. मला बाबा हवेत.'

त्यांनी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. फोन माझ्या हातात दिला.

"मगे गाऱ्हाणा कोण घालतलो?"

*

परवा मुलुंडलाच काम होतं, एका जुन्या आंब्याचं. दोरी बांधून जागा आखली आणि बाबांना दोरीच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. सुऱ्या हार्नेस बांधून माझ्याकडे बघत उभा होता. चेनसॉ तसाच जमिनीवर.

मी बुंध्याशी नारळ ठेवला. हात जोडले. मला मालवणी धड येतसुद्धा नाही!

"बा देवा म्हाराजा..."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा दोरी ओलांडून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी ओरडणार होते, पण गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत. त्यांनी त्यांचा तळहात माझ्या पाठीवर टेकवला आणि डोळे मिटले.

"...ह्या झाडाक हात लावतंव, रागावू नको रे म्हाराजा!"

सुऱ्याने तोंड उघडायच्या आत, अगदी बरोब्बर जागेवर, मागून बाबांचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"