आईचा गुडघा

नांदेडच्या माझ्या क्लासमध्ये व्यवहाराचं इंग्रजी शिकायला अर्धापूरच्या एक बाई यायच्या. त्यांची केळी दुबईला जायची आणि तिकडच्या व्यापाऱ्याला ईमेल त्याच लिहायच्या. एकदा केळीचा कंटेनर बंदरावर अडकला. माल उशिरा पोहोचेल एवढंच कळवायचं होतं. बाईंनी पहिलं वाक्य लिहिलं, ‘तुमच्या आईचा गुडघा आता कसा आहे?’

मी ते खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा खोडताना माझा आवाज चढला. “अहो, पहिल्या ओळीत कामाचं लिहायचं असतं! किती वेळा सांगू?”

“न्हाई मॅडम,” त्या शांतपणे म्हणाल्या, “माणूस काळजीत हाय. आधी इचारावं लागतंय.”

त्यांनी ते तसंच पाठवलं. आईचं ऑपरेशन नीट झालं, दोन दिवस उशीर चालेल, असं उत्तर आलं. बाईंनी ते अख्ख्या बॅचला वाचून दाखवलं आणि माझी महिनाभराची मेहनत पाण्यात गेली. पुढच्या चाचणीत एका मुलीनं नोकरीच्या अर्जात मॅनेजरला विचारलं होतं, ‘घरी सगळे बरे आहेत ना?’ मी मार्क कापले, तर ती माझ्याशीच भांडायला आली.