सरांनी निवडलेले पेडल

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जिल्हा संघाच्या निवड शर्यतीत, चंद्रपूरहून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचा उजवा गुडघा फाटला. लोक त्याला अपघात म्हणतात. अपघात नव्हता तो. त्या गुडघ्याचं काय करायचं हे उन्हाळ्यातच चंद्रपूरच्या एका दुकानात ठरलं होतं, आणि ठरवणारे आमचे सर होते.

सर म्हणजे सायकल क्लबचे प्रशिक्षक. पोंभुर्ण्याच्या धानाच्या बांधीतून पोर उचलली आणि रेसिंग सायकलवर बसवली, असं ते प्रत्येक सत्कारात सांगतात. तिच्या मांड्यांतला जोर मात्र त्यांनी दिलेला नाही. लहानपणापासून चिखलात वाकून, मागं मागं सरकत धानाची रोवणी केलेल्या पोरीचे पाय ते. तिचे चवडे बाहेरच्या बाजूला वळलेले आहेत. रोवणीनं वळले की आईकडून आले, कोण जाणे. आमच्या घरातल्या सगळ्या बायका तशाच चालतात आणि आजवर कुणाचं काही अडलेलं नाही.

रेसिंग सायकलवर पाय नुसता पेडलवर ठेवत नाहीत. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा प्लॅस्टिकचा तुकडा स्क्रूनं बसवतात. तो पेडलमध्ये खट्‌कन अडकतो, आणि टाच बाहेर झटकली की सुटतो. काही क्लीट असे असतात की पाय अडकल्यावरही टाच थोडी इकडेतिकडे फिरते, गुडघ्याला आपली वाट धरता येते. काहींमध्ये पाय खिळा ठोकल्यासारखा बसतो.

दुकानात धाकटीनं टाच फिरू देणारे, रुंद बैठकीचे पेडल स्टँडवरच्या सायकलला लावून बराच वेळ चालवून पाहिले. उतरली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, धुऱ्यावर उभी राह्यल्यावानी वाटते." म्हणजे बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर असल्यासारखं; पायाखाली पक्कं काहीतरी आहे, कलंडणार नाही, असं. तिनं आपल्या पायांनी केलेली निवड होती ती. सर हसले. रविवारी मोहर्लीपर्यंत चहा प्यायला जाणाऱ्या निवृत्त लोकांसाठी असतात ते, म्हणाले. त्यांनी दुसरे उचलले, अरुंद आणि जखडणारे.

"पाय हलला म्हणजे जोर वाया गेला," सर म्हणाले. "मले स्थिर पाय पाहिजे."

बैलाला दाव्याला बांधला म्हणजे तो स्थिर झाला, अशी त्यांची समजूत असावी.

मग मैदानावर सगळ्या पोरींचे बूट उलटे करून एका ओळीत मांडले. सरांनी त्यांच्यावरून गवंड्याची दोरी ताणली आणि एकूण एक क्लीट दोरीच्या रेषेत सरळ बसवला. कारण काय, तर क्लबच्या फोटोत समोरून सगळ्यांचे चवडे एका रांगेत दिसले पाहिजेत. धाकटीच्या बुटापाशी आले तेव्हा दोरी सोडून तिच्या पायांकडे बघत राहिले.

"हिले रोवणीले नाई न्यायचं, रेसले न्यायचं हाये," ते म्हणाले.

पोरी हसल्या. त्या दिवसापासून तिचं नाव बदक.

थोड्याच दिवसांत गुडघ्याच्या आतून कळ यायला लागली. तिनं सरांना सांगितलं. टाच निसटून राह्यली म्हणून दुखते, असं निदान करून त्यांनी पेडलची स्प्रिंग आणखी आवळली, म्हणजे पाय सुटायला आणखी जोर लागणार. ती लंगडत निघाली की मागून क्वॅक क्वॅक. ओरडणाऱ्या पोरी कोण, तर तिच्याच डब्यातली भाजी खाणाऱ्या. मी त्यांनाही सोडणार नाही. सरांचे स्वतःचे गुडघे उत्तम आहेत. ते स्कूटरवरून शिकवतात.

सोडून दे, आई म्हणायची. पण संघात नाव लागलं असतं तर क्लबच्या वसतिगृहात राहून कॉलेज करता आलं असतं. गावातून बाहेर पडायची तिच्याकडे तेवढी एकच वाट होती, म्हणून ती गुडघा बांधून चालवत राहिली.

शर्यतीत घड्याळ लावून एकेक पोर एकटी सुटत होती. अर्ध्या वाटेवर डांबराचा ड्रम ठेवला होता, त्याला वळसा घालून परत फिरायचं. मी ड्रमपाशीच उभी होते, सरही तिथंच. धाकटी आली ती सगळ्यांत जोरात. वळताना गुडघा आखडला, सायकल मंदावली. पाय टेकवायला तिनं टाच झटकली, ती निघेना. सायकलसकट ती उजव्या अंगावर आपटली, पाय अजून पेडलमध्येच, गुडघा पिळलेला.

मी धावले. सरांनी हात आडवा घातला.

"हात लावू नको. हात लावला का बाद होते ते."

सगळे उभे राहिले. मोबाइल वर झाले. ती 'आये, आये' करत होती आणि सर दोन पावलांवरून शांतपणे सांगत होते, झटक ना टाच, रोज शिकवलं ना. तिनं सगळा जीव लावून झटकली. पाय सुटला नाही. गुडघा सुटला. ती किंचाळली ते मला आजही ऐकू येतं. सरांनी घड्याळ थांबवलं, आकडा बघितला आणि मगच बाजूला झाले.

"काढा आता बदकाले," ते म्हणाले.

आता क्लब सांगत फिरतो की पोरीचे पाय जन्मापासून वाकडे होते आणि घरच्यांनी ते लपवलं. तिच्या सायकलवर, त्याच पेडलवर, गडचिरोलीकडची दुसरी पोर बसवली आहे.

या वर्षीच्या रोवणीत धाकटी बांधीत उतरली नाही. तिला वाकून मागं सरकता येत नाही. धुऱ्यावर पाय लांब करून बसायची आणि रोपांच्या पेंढ्या आत फेकायची. मी सरांविरुद्ध लिहिलेलं पत्रक तिथं तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुह्या पत्रकानं माहा गुडघा वाकते का?" ती म्हणाली. मग बराच वेळ पेंढ्या फेकत राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलली, "सराले काऊन लिहितं? पोरीयच्या मायबापाले लिही."

म्हणून हे तुम्हाला. तुमची मुलगी अशा क्लबात असेल तर आजच तिला टेबलावर बसवा, पाय मोकळे लोंबू द्या आणि चवडे कुठं बघतात ते बघा. उद्या मैदानावर जा. क्लीट तिच्या चवड्याच्या दिशेनं, टाच हलेल आणि सहज सुटेल असा, तुमच्या डोळ्यांदेखत बसवून घ्या. सर नाही म्हणाले तर तिथंच, सगळ्यांसमोर, तिला सायकलवरून उतरवा आणि घरी घेऊन या.