खुर्चीवर बसलेला बँड

माझे वडील लग्नाच्या बँडचे मास्तर होते. क्लॅरोनेट वाजवायचे. त्यांना सगळेच अण्णा म्हणायचे, घरात आम्ही आणि बँडमधली पोरंही. जुन्या नाशकात असा बोळ नसेल जिथून अण्णा वाजवत गेले नाहीत, पण असं एकही घर नसेल जिथे कुणी त्यांना बसवून, स्वतः बसून ऐकलं. वरात मांडवात शिरली की बँड बाहेर. पंगती उठल्या की कुणाला तरी आठवायचं, अरे, बँडवाले जेवायचे राहिले. अण्णांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शाळेत गणित शिकवत होते. अण्णांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले होते. क्लॅरोनेटचं तोंड याच दातांनी धरायचं असतं. ते गेले की वाजवणं संपलं. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. अण्णा म्हणाले, बघू.

त्याच सुमारास मुंबईचा एक संगीतकार आमच्या दारात उभा राहिला. जर्मनीत शिकून आलेला, बारीक चणीचा, बोलायला गोड. त्याला नाशकात एक कार्यक्रम करायचा होता आणि त्यासाठी वरातीचा बँड हवा होता. वरातीत नाही, स्टेजवर. “खुर्च्यांवर बसून वाजवायचं,” तो म्हणाला. अण्णांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

पुढच्या रविवारी तो कॅसेटी घेऊन आला. विसाव्या शतकात तिकडच्या लोकांनी संगीताचं काय काय केलं ते आम्हाला ऐकवायचं होतं. एकाने पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबर खोचले होते. एकाने स्टेजवर नुसते रेडिओ लावले होते, जे स्टेशन लागेल ते लागेल. एकाने आगगाडीचे आवाज टेपवर घेऊन ती टेप कात्रीने कापली होती आणि उलटसुलट जोडली होती. “सुरांची शिस्त मोडून बघायची होती त्यांना,” तो म्हणाला. मी मनात म्हटलं, घ्या. इथे पोरांना शिस्त लावता लावता माणसाचे दात हलले, आणि यांना मोडायची हौस.

मग त्याने एक तुकडा लावला. त्यात दोन बँड दोन दिशांनी येतात, दोघांची गाणी वेगळी, आणि कुणीच थांबत नाही. अण्णा सावरून बसले. “अगं, हा तर आपला रविवार कारंजा,” ते मला म्हणाले. खरंच होतं ते. लग्नसराईत त्या चौकात दोन वराती समोरासमोर आल्या की हेच चालायचं. जो बँड थांबेल त्याच्या वऱ्हाडाची इज्जत गेली.

“हे ऐकायला लोक येतात?” अण्णांनी विचारलं.

“येतात. आणि बसून ऐकतात.”

अण्णा हो म्हणाले. दातांचं डॉक्टरांना कळवलं, कार्यक्रम झाला की सोमवारी येतो. बस, हे एक वाजवणं उरलं होतं.

ठरलं असं, की अर्धा बँड स्टेजच्या एका टोकाला, अर्धा दुसऱ्या टोकाला, दोघांची गाणी वेगळी. मधोमध अण्णा, एकटे, संथ भूप वाजवत, दोघांकडेही लक्ष न देता. संगीतकाराला सगळे झालरीच्या लाल कोटात हवे होते. “पोरं घालतील,” अण्णा म्हणाले, “मी नाही.” त्यांनी पांढरा शर्ट शिवून घेतला.

तालमी आमच्या शाळेत झाल्या. वाजवणं जमलं, पण बसणं जमेना. पोरांचे पाय खुर्चीखाली चालायचे. आयुष्यभर अण्णांनीच त्यांना एक गोष्ट घोटून शिकवली होती, वऱ्हाड हललं की बँड हलला पाहिजे, आणि वऱ्हाडाच्या पुढे.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. पडदा वर गेला, दोन्ही टोकांनी एकदम सुरुवात झाली, आणि थोड्याच वेळात माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पहिले उठले ते पुढच्या रांगेतले, पासवर आलेले पाहुणे. मग मागची रांग. मग कानात बोटं घालून अख्ख्या रांगाच्या रांगा दाराकडे निघाल्या.

ट्रम्पेटवाल्याने ते पाहिलं. पिंपळगावचा हा गडी अण्णांचा सगळ्यात जुना चेला. लोक हलले, हा उठला. त्याच्यामागे त्याचा अर्धा बँड उठला, आणि ते बघून समोरचा अर्धा. वाजवत वाजवत सगळे पायऱ्या उतरले, मधल्या वाटेने लोकांच्या पुढे झाले आणि त्यांना घेऊन दाराबाहेर गेले.

माझं डोकं फिरलं. पोरांवर नाही, त्यांचा काय दोष. बसायला म्हणून आलेल्या लोकांना थोडा वेळ बसवत नव्हतं. विंगेत तो संगीतकार आनंदाने टाळ्या वाजवत होता, असं मला लिहायलाही सुचलं नसतं म्हणत होता. त्याच्या डोक्यात काहीतरी घालावं असं वाटलं. बाहेर दोन्ही बँडांनी मिळून एक नाचाचं गाणं धरलं, आणि आत कान झाकणारी मंडळी तिकडे नाचायला लागली.

आत अण्णा खुर्चीवर होते. रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध, पांढऱ्या शर्टात, भूप वाजवत. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता मध्ये मध्ये फुंक निसटायची. दात दुखत असणार. एक म्हातारं जोडपं बसून होतं, कॉलेजच्या दोन मुली होत्या, मी होते. दारावरचा वॉचमन आत येऊन शेवटच्या रांगेत बसला. अण्णांनी घाई केली नाही. शेवटचा सा लांबवला, क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं आणि आम्हाला नमस्कार केला. वरातीत नमस्काराची वेळ येत नाही.

आम्ही टाळ्या वाजवत होतो तोवर ट्रम्पेटवाला धापा टाकत दारात आला.

“अण्णा, चला ना बाहेर. लोक लय नाचून राह्यले.”

“तुम्ही वाजवा,” अण्णा म्हणाले. “मी आत बसलोय जरा.”