भट्टीची माती

मंगळवारी सकाळी माझा भाऊ डेअरीत दूध आणायला गेला. रांगेत असताना तो खाली बसला. लोकांनी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि घड्याळात पाहिलं. दुपारी त्याला मोक्षधामात नेलं. घरात आम्ही दोघं राहत होतो. मागच्या अंगणात त्याने बांधलेल्या भट्टीचा घुमट वाळायचा होता.

तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याने बरीच वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं तो पिझ्झाच्या भट्टीवर होता. पाठीचं दुखणं वाढलं तेव्हा तो सिंदी मेघेला, घरी परत आला. मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्याला आगीशिवाय करमत नसे. मागच्या अंगणात लाकडावरची भट्टी स्वतः बांधायची आणि रविवारी गल्लीतल्यांना पिझ्झा खाऊ घालायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. विकायचं वगैरे काही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, विकाले लागलो का पुन्हा मालक येते डोक्यावर. आता मीच खाईन अन् मीच नावं ठेवीन."

थंडी संपता संपता त्याने कमरेइतका विटांचा ओटा बांधला. त्यावर रिकाम्या बाटल्या आडव्या मांडून राखेचा थर दिला, म्हणजे उष्णता खाली जात नाही. वर भट्टीच्या विटा बसवल्या. मग ओल्या वाळूचा ढीग करून त्याला हाताने अर्ध्या नारळासारखा आकार दिला आणि वाळूवर ओले कागद चिकटवले. हे कागद मी ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या रद्दीतून आणले होते. कागदांवर चार बोटं जाडीचा मातीचा थर. माती तो कुठून तरी रोज आणायचा आणि गव्हाच्या भुशाबरोबर पायांनी तुडवायचा. तसेच पाय घेऊन घरात यायचा आणि मी बोलायची.

शेजारचे काका भिंतीवरून पाहायचे. एकदा म्हणाले, "भाऊ, कोनाची समाधी बांधून राह्यले?"

"तुमचीच, काका. माप द्याले या."

ते मंगळवारी आले तेव्हा भट्टीकडे पाठ करून उभे राहिले.

रविवारी घुमट पूर्ण झाला होता. त्यावर ओली पोती टाकून तो माझ्याजवळ येऊन बसला आणि पुढचं सांगू लागला. पाच-सहा दिवसांनी पुढून दार कापायचं आणि आतली वाळू काढायची. फार दिवस ठेवली तर माती आकसते, वाळू आकसत नाही आणि घुमट फाटतो. तोवर पोती ओली ठेवायची. मग रोज थोडा थोडा जाळ करायचा, पहिल्या दिवशी अगदी मूठभर काड्यांचा. त्याने आणखीही बरंच सांगितलं. मी वाचत होते. प्रत्येक गोष्टीला मी 'हं' म्हटलं.

बुधवारी दुपारी घर माणसांनी भरलेलं होतं. मी पाणी प्यायला उठले आणि मागच्या दारातून पाहिलं, तर पोती वाळून कडक झाली होती. एक उचललं. खाली घुमटावर केसाएवढ्या रेघा होत्या. त्या दोन दिवसांत मी आपणहून काहीच केलं नव्हतं. लोक बस म्हणाले की बसत होते, खा म्हणाले की घास घेत होते. मी बादली भरली आणि पोत्यांवर पाणी ओतू लागले.

मागून आत्या आली. ती आमच्या वडिलांची बहीण, कारंज्याकडच्या खेड्यात राहते. ऐंशीच्या जवळ आली आहे. मंगळवारीच आली होती आणि तेरवीपर्यंत राहणार होती.

"डोकं उघडं टाकून उन्हात काय करून राह्यली वं पोरी?"

"हे वाळून फाटन, आत्या."

तिने पोतं बाजूला केलं, तळहाताने नाही, बोटांच्या मागच्या बाजूने माती चाचपली, चूल चाचपतात तशी. आयुष्यभर तिने स्वतःच्या चुली स्वतः घातल्या आहेत.

"ह्याच्यात भाकर करनार होता?"

"पिझ्झा."

"म्हंजे भाकरीवर भाजी, नं?"

"तसंच."

"मंग चूल मोठी केली त्यानं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "माती चांगली हाय. पांढरी हाय."

आमच्याकडे जमीन काळी. घराच्या भिंतींना, चुलींना मात्र जुन्या वस्तीच्या जागची पांढरी माती लागते, एवढं मलाही माहीत होतं.

मी तिला आतली वाळू आणि नंतरचा जाळ, सगळं सांगितलं. वाळूचं तिने ऐकून घेतलं. जाळाचं म्हटल्यावर तिने मान हलवली.

"तेरवीपर्यंत नाई."

"आत्या, तिसऱ्या दिवशी गॅस त पेटनारच हाय."

"गॅस जुना हाय. हे नवी चूल हाय. नवी चूल सुतकात पेटवत नाईत."

"ही चूल नाही."

"मंग काय हाय? विस्तू घालतेस ना त्यात?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "कालच ह्या घरातून मडक्यात विस्तू गेला ना त्याच्यापुढं? चुलीत पयली आग कायच्यासाठी पडली, ते पाहा लागते."

मी वाद घातला नाही. मला असं काही पाळायचं कारण नव्हतं आणि आत्यानेही मला हात धरून थांबवलं नसतं. पण घरात पंधरा माणसं होती आणि मला कोणाशी भांडायचं काडीचंही बळ नव्हतं. शिवाय कोणीतरी नको म्हणावं, असंही मला वाटलं असेल. आता नक्की सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी आत्यानेच हाक मारली. "चाल. वाळू काढाले कोनी मना नाई केलं." तिने पुन्हा बोटांची पाठ लावून पाहिली आणि म्हणाली, आज. मी भाजी चिरायच्या सुरीने पुढून दार कापलं. वाकडं झालं. मग दोघी मिळून वाटीने वाळू काढत बसलो. तीन टोपल्या निघाली. शेवटी शेवटी मला डोकं आत घालावं लागलं. आत गारवा होता. वर, मातीला चिकटून, वर्तमानपत्राचे कागद होते आणि दारातून येणाऱ्या उजेडात काही ओळी वाचता येत होत्या. कोणाची तरी भाड्याने देणे असलेली जागा, कोणत्या तरी गावचा बाजारभाव. मी ते वाचत राहिले. आत्याने बाहेरून विचारलं, "झोपली का तिथं?"

बाहेरून घुमट खडबडीत होता. वरून आणखी एक थर द्यायचा म्हणून त्याने तो गुळगुळीत केला नव्हता. त्याची बोटं जिथे जिथे दाबली गेली तिथे तिथे खळगे होते, चार-चार, एकाशेजारी एक. आत्याने सवयीने हात पाण्यात बुडवला आणि चूल सारवतात तसा घुमटावर टेकवला. मी तिचं मनगट धरलं. तिने खळग्यांकडे पाहिलं आणि हात पदराला पुसला. 

वाळू वेळेवर निघाली म्हणून मला वाटलं, भट्टी वाचली. पण ऊन रोज वाढत होतं. जाळ नाही, म्हणून माती आतून वाळत नव्हती आणि बाहेरून मात्र वाळत होती. मी दिवसातून चार वेळा पोती भिजवत होते. दहाव्या दिवशी सगळे नदीवर गेले, मी घरी होते. त्या दुपारी दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग घुमटाच्या माथ्यापर्यंत गेलेली दिसली. आदल्या दिवशी ती वीतभर होती. आता तिच्यात माझी करंगळी जात होती.

आत्या आल्यावर तिला दाखवली. तिने वाकून पाहिलं.

"बुजवता येते. पन त्याच मातीनं. दुसरी लावू नको, दुसरी संग धरत नाई. उरली असन ना?"

उरली नव्हती. दाराची कापलेली माती वाळूत मिसळून गेली होती. शेवटचा गोळा लावून त्याने घमेलं धुऊन पालथं घातलं होतं.

"मंग आन थोडी. कुठची होती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला काही आठवलं नाही. माझा भाऊ दीड महिना रोज सकाळी स्कूटरवर एक थैला माती आणत होता. ती कुठून आणतो, हे त्याने मला सांगितलं होतं, एकदा तरी नक्कीच. जेवताना सांगितलं होतं. त्या गावात कोणी ओळखीचं भेटलं, असंही काहीतरी होतं. मला त्याचा हात भाताकडे जाताना आठवतो, बोलणं आठवत नाही.

चौकातल्या ऑटोवाल्याला विचारलं, विटा त्यानेच आणल्या होत्या. तो म्हणाला, "बाई, माती मी आनलीच नाई. मी म्हनलं होतं, एका खेपेत टाकून देतो. त भाऊ म्हने, नाई, मले रोज जा लागते तिकडं." तिकडं म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं. स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागी पांढरी धूळ होती. तेवढीच.

घुमटाच्या कडेचा एक पडलेला तुकडा रुमालात बांधून मी चुलतभावाबरोबर तीन गावांना जाऊन आले. सकाळी स्कूटरने जाऊन नाश्त्याला परत येता येईल, अशी ती गावं. पहिल्या गावात एका म्हाताऱ्याने तुकडा तळहातावर थुंकीने भिजवून चोळला. "आमची नाई. आमची एवढी चिकट नाई," म्हणाला, आणि दुसऱ्या गावाचा रस्ता दाखवला. तिथे एक बाई ओसरी सारवत होती. तिला मी विचारलं, असा असा माणूस, स्कूटर, रोज सकाळी. तिने नाही पाहिला. मी रुमाल सोडून दाखवला.

"बाई, मातीले काई नाव असते का?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून बसायला पाट दिला, पाणी दिलं. त्यांच्या गावची माती मला घेऊन जायला सांगत होती. मी घेतली नाही. तिसऱ्या गावात जुन्या वस्तीच्या जागी आता सभामंडप होता.

तेरवी झाली. माणसं गेली. चौदाव्या दिवशी आत्याही निघाली. बसमध्ये चढण्याआधी म्हणाली, "आता पेटवजो, पन मंग फुटली त फुटू दे. काई लावू नको तिले." मी बरं म्हटलं.

दोन दिवस मी घरात एकटी होते. भेग मोठी होत होती. सकाळी पाहावी तर काल होती त्यापेक्षा रुंद. तिसऱ्या दिवशी मी अंगणातली काळी माती उकरली, चाळली, तिच्यात राख आणि भुसा घातला आणि भेग भरली. ही माती वैशाखात कशी उलते, हे इथल्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. लहानपणी मावशीच्या शेतातल्या भेगेत माझी चप्पल गेली होती, ती निघालीच नाही. मला कोणी हे शिकवायला नको होतं. पण हाताशी दुसरं काही नव्हतं, आणि नुसतं बसून पाहणं माझ्याने होईना. त्या बाईची माती घेतली असती तर, असं नंतर वाटलं. त्या वेळी ती परकी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी मी तुराट्यांचा मूठभर जाळ केला. धूर दारातून आला, थोडा माथ्यातूनही आला. भिंतीवरून काकांनी पाहिलं. पुढच्या दिवशी जाळ थोडा वाढवला. घुमटाला हात लावला तर कोमट होता. त्या दिवशी मला जेवण गेलं.

जाळाच्या तिसऱ्या दिवशी काळी माती आकसून भेगेपासून सुटली आणि अख्खीच्या अख्खी आत पडली. मी जाळ थांबवायला हवा होता का, मला माहीत नाही. थांबवला असता तरी पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. त्याने ते सांगितलं असेल. चौथ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारख्या काड्या लावल्या आणि चहा करायला आत आले. कोणीतरी पोतं खाली टेकवावं, तसा आवाज झाला. बाहेर आले तर दाराकडची बाजू पडली होती आणि मातीच्या ढिगाखालून थोडा थोडा धूर येत होता. मी तो थांबेपर्यंत उभी राहिले.

"बाई, पडली का?" काकांनी विचारलं.

"हो."

"तुमाले काई लागलं त नाई ना?"

"नाही."

ते आत गेले आणि थोड्या वेळाने काकू पोह्यांची बशी घेऊन आल्या.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. मी सांगितलं.

"काळी लावली काऊन?" ती म्हणाली.

  पलीकडे तिच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज येत होता.

"जेवली का?" तिने विचारलं.

भट्टी पडली त्याला आता पाच महिने होत आले. ओट्यावर पत्रे टाकून घेतले आहेत. घुमटाची मागची बाजू उभी आहे, पुढची नाही. पडलेली माती मी घमेल्यात भरून ओसरीवर ठेवली आहे. ती पुन्हा भिजवून लावता येते, असं आत्या म्हणते. मी ती भिजवलेली नाही.