कुलूप तोडलेले नव्हते

ती घटना आठवली नाही असे एकही वर्ष गेलेले नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका दुपारी एक बागायतदार खबर घेऊन आला. त्याचा चुलतभाऊ फौजेत. त्याचे नवे घर गावाबाहेर बंद.

"कुलूप तोडून एक बिऱ्हाड घुसलंय. चुलती वारली, तवापास्नं तिकडं कुनी बघनारं न्हाई."

आम्ही गेलो. वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा एक माणूस, त्याची बायको आणि शाळकरी मुलगी तिथे राहत होती. रस्तारुंदीकरणात त्यांची भाड्याची खोली पाडली गेली होती. नव्या खोलीचे भाडे झेपेना, म्हणून दोन महिने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री टाकून त्यांनी काढले होते. इथे मात्र अंगण सारवलेले, तुळशीला पाणी घातलेले. लपून राहणारा माणूस अंगण सारवत नाही. हे मला तिथेच कळले होते.

ठाण्यात विचारपूस सुरू केली.

"किल्ली कुठून आली?"

"आवं सायेब, फौजीच्या आईनं दिली. नवं घर अंधारात ठिवू न्हाई म्हनली. रोज दिवा लावा नि ऱ्हावा."

"कागद?"

"दिवाबत्तीला कागद कोन करतं?"

हवालदार हसला. "मेलेल्या बाईची साक्ष काढतोय गडी."

आमच्या भागात फौजींची घरे अशीच सांभाळली जातात. फौजीचा फोन लागत नव्हता. थांबायला हवे होते. पण तक्रारदार वजनदार, रोज येऊन समोर बसे. किल्लीने उघडलेल्या दारावर घरफोडीचा गुन्हा बसत नव्हता. मी पंचनाम्यात लिहायला लावले, 'कुलूप तोडलेल्या स्थितीत मिळाले.' कुलूप धड होते. किल्ली त्या माणसाच्या बायकोच्या कमरेला होती. पंचांनी न वाचता सह्या केल्या.

माणूस कोठडीत गेला. मायलेकी एसटी स्टँडवर राहिल्या.

फौजी रजेवर आला तो सरळ ठाण्यात. त्याने टेबलावर कुलूप ठेवले.

"तुमच्या शिपायांनी ह्यानंच दार लावलंय. माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. तोडलंय कुठं, तेवढं दाखवा. आईनं मला इचारूनच त्यास्नी ठिवलं हुतं. घरावर डोळा आमच्या चुलतभावाचा हाय."

मी 'तक्रार गैरसमजातून' असा अहवाल पाठवून प्रकरण मिटवले. पंचनामा मात्र तसाच राहू दिला. माणूस सुटला, पण त्या घरी परतला नाही. मुलगी त्या दाराला भ्यायची. पोलिसांनी नेलेल्या माणसाला गावात कोणी खोली दिली नाही. आज ते सांगलीकडे एका बंद पोल्ट्रीच्या शेडमध्ये राहतात.

नोकरीभर मी लोकांकडे कागद मागितला. ज्याला छप्पर नाही, तो कुणाच्या तरी शब्दावर राहतो, आणि तो शब्द तपासणे हेच माझे काम होते. मी खोटा कागद केला. त्या प्रकरणातला गुन्हा तेवढाच होता.

गेल्या महिन्यात अधीक्षकांकडे हे सगळे माझ्या सहीने लिहून दिले आणि पोच मिळालेली प्रत घेऊन शेडवर गेलो. माणसाने वाचून तो बायकोपुढे धरला. बायकोने कागद हातात घेतला.

"शिक्का हाय न्हवं ह्याच्यावर?"

"आहे."

"मग आनखी दोन झेरॉक्स द्या. खोली बघाय गेलं की मालकाला दावाय लागंल."