गाडी गरम आहे

वकीलसाहेब गेले त्या सकाळी त्यांच्या दारासमोर एक ट्रक उभा होता. ट्रकला बैल जुंपले होते.

अमरावतीच्या राजापेठेतली माणसं आधी ट्रक पाहायला जमली. मग आतली बातमी बाहेर आली आणि तीच माणसं टोप्या काढून थांबली. ट्रकला बैल कशासाठी, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक होतं. ते सांगायचं तर वकीलसाहेबांच्या उजव्या तळहातापासून सुरुवात करावी लागेल.

ते माझे शेजारी. दिवाणी कोर्टात वकिली करत, आणि ती बेताचीच चाले. पण कुणाला जुनी मोटार किंवा लॉरी घ्यायची असली की तो आधी त्यांच्याकडे येई. ते गाडीजवळ जात, कोटाची बाही जरा वर सारत आणि तळहात बॉनेटवर ठेवत.

"गरम आहे. उद्या येतो."

एवढं बोलून ते चालू लागत. मालक मागून नवा रंग दाखवी, टायर दाखवी. ते वळूनही पाहत नसत.

तुम्हाला वाटेल, यंत्रातले मोठे जाणकार असतील. ब्रेक कोणता आणि क्लच कोणता, हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. पूर्वी कधीतरी एका लॉरीच्या खरेदीचा दावा त्यांनी चालवला होता. त्यात साक्षीला आलेला मिस्त्री म्हणाला, की डिझेलचं इंजिन झिजलं की थंड असताना उठत नाही. म्हणून विकणारा ते गिऱ्हाईक यायच्या आधीच चालवून तापवून ठेवतो. वकीलसाहेब तो दावा हरले. मिस्त्रीचं वाक्य मात्र घरी घेऊन आले आणि पुढची सगळी वर्षं त्या एका वाक्यावर गाड्यांचे परीक्षक म्हणून मिरवले.

हळूहळू तो तळहात गाड्यांपुरता राहिला नाही. पढवून आणलेला साक्षीदार समोर बसला की ते पक्षकाराला म्हणत, हा गरम आहे, उद्या आणा. शाळेच्या संमेलनासाठी लिहिलेलं भाषण मी एकदा त्यांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. त्यांनी कागदांवर हात ठेवला. "मास्तर, गरम आहे. उद्या वाचा." दुसऱ्या दिवशी ते मलाच आवडलं नाही.

स्वतः मात्र ते रोज सकाळी ओसरीवर येरझारा घालत कोर्टातलं बोलणं घोकत. चहा पोटात गेल्याशिवाय त्यांना आवाज फुटत नसे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणत, "यांनाही तापवल्याशिवाय कोर्टात नेता येत नाही." हे त्यांना कधी ऐकू आलं नाही.

त्यांचं शेवटचं गिऱ्हाईक सूर्यभान. नांदगाव खंडेश्वरकडचा माळी, भाजीपाला पिकवणारा. त्याची बैलगाडी अमरावतीच्या बाजारात पोचेपर्यंत मेथी माना टाकायची आणि दलाल म्हणेल तो भाव घेऊन तो परतायचा. दुसरी मोठी लढाई संपली होती, लष्कराच्या गाड्या लिलावात निघत होत्या. पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मिळत असल्याने डिझेलच्या गाडीला फार मागणी. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडे तसा छोटा ट्रक होता आणि तो बदल्यात सूर्यभानची बैलजोडी घ्यायला तयार होता. जोडी नामांकित होती.

सूर्यभान ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाला, "बैल गेले अन् टरक बी बसला, तं म्या वावरात काय जुपू, वकीलसायेब? मले जुपा मंग."

"म्हणूनच घाई करायची नाही," वकीलसाहेब म्हणाले.

घाई त्यांनी खरोखरच केली नाही. आम्ही तिघं आगगाडीने अकोल्याला गेलो. बॉनेट गरम. व्यापारी म्हणाला, उन्हात उभी आहे, तापणारच. वकीलसाहेबांनी वर पाहिलं. ट्रकवर कडुनिंबाची दाट सावली होती. पुढच्या खेपेला व्यापाऱ्याने सांगितलं की गाडी आत्ताच धुवायला नेऊन आणली. ट्रक धुळीने माखलेला होता. त्यानंतर आम्ही पहाटेच्या गाडीने जाऊन पाहिलं, तर व्यापारी आमच्याही आधी उठलेला. परतताना आगगाडीत सूर्यभान मला हळूच म्हणाला, "मास्तर, हे असे उद्या-उद्या करून राहिले अन् माही मेथी फुलावर येऊन राहिली."

मी ते वकीलसाहेबांना सांगितलं. त्यांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला, की यापुढे आम्ही येणार नाही; गाडी अमरावतीला माझ्या दारात आणा आणि थंड आणा.

व्यापाऱ्याचं उत्तर आलं, "साहेब, थंड गाडी येईल कशी? उडून?"

वकीलसाहेबांनी हे टोमणा म्हणून घेतलं आणि हसले. सूर्यभानने ते कामाचा प्रश्न म्हणून घेतलं. त्याने व्यापाऱ्याला राजी केलं, की ट्रक जवळच्या बडनेऱ्यापर्यंत चालवत आणावा, तिथे रात्रभर उभा ठेवावा आणि पहाटे बैलांनी ओढत राजापेठेत न्यावा. व्यापारीही कंटाळला होता. तो हो म्हणाला.

म्हणजे ज्या बैलांच्या बदल्यात ट्रक घ्यायचा, तेच बैल तो ट्रक ओढत घेऊन आले. वकीलसाहेबांनी हे पाहिलं असतं तर वर्षभर सगळ्यांना सांगितलं असतं.

काकूंनी मला हाक मारली तेव्हा उजाडलं होतं. त्या म्हणाल्या, "उठत नाहीत हो." मी आत गेलो आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

बाहेर आलो तेव्हा सूर्यभान बैल सोडत होता. मी सांगितलं. तो आत जाऊन पाया पडून आला आणि ट्रकपाशी गेला. मग त्याने तळहात बॉनेटवर ठेवला.

"थंडी हाय," तो म्हणाला. "मारा हॅण्डल."

व्यापाऱ्याने अशा वेळी नको म्हणून हात जोडले. सूर्यभान म्हणाला, याच वेळी मारा. ड्रायव्हरने हॅण्डल मारलं. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी व्यापारी बोलून गेला, "रात्रभर दवात होती. जरा गरम झाली की—" आणि तिथेच थांबला.

तोवर तिरडी बांधून झाली होती आणि ट्रक बरोबर वाटेत उभा होता. गल्ली अरुंद. खांदा द्यायला आलेली माणसं ट्रकला खांदा लावायला गेली. कोर्टातले कारकून, पक्षकार, त्यांना हरवलेले वकील, त्यांच्यामुळे गाडी न घेतलेले कितीतरी लोक. ड्रायव्हरने सवयीने गिअर टाकला. ट्रक ढकलला गेला, हिसका बसला आणि इंजिन धडाडून सुरू झालं. वकीलसाहेब त्या आवाजात घराबाहेर निघाले.

व्यापाऱ्याने सूर्यभानकडे पाहिलं. सूर्यभान धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता.

"चालू झाली, शेठ. पन मले रोज एवढे मानसं कुठून भेटतीन?"

त्याने बैलांच्या पाठीवर हात फिरवला, त्यांना माझ्या अंगणातल्या खुंटाला बांधलं आणि खांदा द्यायला पुढे झाला.

ट्रक पुढे दुसऱ्या कुणी घेतला. तो अजून अकोला-अमरावती चालतो, आणि मी ऐकतो त्यावरून बरा चालतो. राजापेठेतून तो जातो तेव्हा सूर्यभानला कधीकधी आपली गाडी बाजूला घ्यावी लागते. धूळ बसेपर्यंत तो थांबतो. "गरम असन," म्हणतो आणि बैलांना हाकारतो.

बाजाराच्या दिवशी तो काकूंकडे मेथीची जुडी ठेवून जातो. ती कोमेजलेली असते. काकू ती पाण्यात घालून ठेवतात.