आईची निळी रेघ

चाललेला रस्ता नकाशावर उमटवणारं ॲप मी बनवत होते. चाचणीसाठी ते आईला विचारून तिच्या फोनवर टाकलं. संध्याकाळी तिच्या फिरण्याची निळी रेघ पाहिली. घराजवळची बाग सोडून ती माझ्या ऑफिससमोरच्या बसथांब्यापर्यंत गेली होती आणि तिथे बराच वेळ थांबली होती. मला वाटलं, ॲपच चुकतंय. तसं आईला म्हणालेही.

"चुकलं नाही गं," आई म्हणाली. "नेहमीच जाते. चहाला खाली येतेस ना, तेव्हा मैत्रिणींबरोबर हसताना दिसतेस."

रेघ कुठे थांबली ते नकाशा सांगतो. का थांबली, ते माणसाला विचारावं लागतं.

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली होती एकदा. तू फोनवर होतीस. हातानेच थांब म्हणालीस."

मला ते आठवतही नव्हतं. मान वर करून तिच्याकडे पाहवेना.